हॉर्नशिवाय डभोई

फेटा बांधलेल्या माणसाने गाडी ढकलू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण ते दृश्य एकदा पाहिलं की तो लिहून ठेवावासा वाटतो. दादाचा फेटा केशरी होता. त्याचा तुरा गाडीच्या मागच्या काचेवर घासत होता. मंडळाच्या सभागृहाच्या दारात एक तुतारीवाला उभा केलेला होता आणि त्याला काय करावं सुचेना. अध्यक्ष गाडीतून उतरले की फुंकायची, एवढंच त्याला सांगितलं होतं. अध्यक्ष उतरले होते खरे, पण ते गाडीच्या मागच्या बाजूला वाकलेले होते. शेवटी त्याने फुंकली. आम्ही तुतारीच्या सुरात गाडी कडेला लावली.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ आणि मंडळाचा अध्यक्ष. बडोद्याच्या फौजेत आमचे कोणीतरी पूर्वज होते. दादाच्या भाषणात ते सरदार असतात. मी ग्रंथालयात नोकरी करतो, आणि जुने कागद हाताखालून जातात. त्यांत या पूर्वजांच्या नावापुढे घोड्यांचा दाणा आणि वैरण यांची व्यवस्था असं लिहिलेलं आहे. मी हे दादाला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, "वैरणीशिवाय घोडा चालतो का?" 

गाडी आमच्या आत्याची. दादाची स्वतःची मोठी गाडी त्या दिवशी सुनेने नेली होती, म्हणून आत्याने आम्हा दोघांना सोडायचं कबूल केलं होतं. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीच्या चार वर्षं आधी ही छोटी पांढरी गाडी घेतली. त्याला चोवीस वर्षं झाली. आमच्या घराण्यात गाडी चालवणारी ती पहिली बाई, आणि दादाचं चालवणं पाहिलं तर एकूणच चांगली चालवणारी एकमेव व्यक्ती.

कार्यक्रमानंतर आत्याच्या घरी दादाने फेटा सोडला आणि विषय काढला.

"आत्या, ही गाडी आता द्यायची."

"कुणाला?"

"पादरा गावचा एकजण आहे. जुन्या गाड्या नेतो, सुटे भाग करतो."

"मग त्याला माझे गुडघेही दाखव."

"मी चेष्टा करत नाही. आज दीडशे माणसांनी बघितलं."

"बघितलं, पण हात कुणी लावला नाही. तुझं मंडळ आहे."

दादा तसा प्रेमळ माणूस. त्याने लगेच तोडगा मांडला. दर रविवारी आत्याला डभोईला जायचं असतं ना, त्यासाठी तो टॅक्सी ठरवून देईल. दारात येईल, दारात सोडेल.

डभोईचं सांगायला हवं. तिथे आत्याची मैत्रीण राहते. शाळेत ती विज्ञान शिकवायची. पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. दर रविवारी आत्या जाते, दोघी तीन तास रमी खेळतात आणि एकमेकींवर पानं लपवल्याचा आरोप करतात. दोघींचंही खरं असतं. त्या तीन तासांवर आत्याचे बाकीचे सहा दिवस उभे आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलून दाखवत नसे.

"टॅक्सीवाला बाहेर बसून घड्याळ बघेल," आत्या म्हणाली. "कोणी बाहेर ताटकळत बसलं असेल तर मला पानं दिसत नाहीत."

"मग बस आहे."

"बसच्या पायऱ्या तू चढून बघितल्यास का अलीकडे?"

बराच वेळ असं चाललं. शेवटी आत्याने वर्गात प्रश्न घालावा तशी अट घातली. येत्या रविवारी ती आपल्या गाडीने डभोईला जाऊन येईल. दादाने बरोबर यायचं, साक्षीदार म्हणून. जाता-येता गाडी एकदा जरी आपणहून बंद पडली, तर संध्याकाळी ती पादऱ्याच्या माणसाच्या हातात किल्ली देईल. नाही पडली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"आणि हाही येईल," तिने माझ्याकडे बोट केलं. "मागे बसायला."

दादाने पादऱ्याच्या माणसाला रविवारी संध्याकाळी पाचची वेळ दिली आणि निघून गेला. दार लागलं तशी आत्या खुर्चीत बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती बंद पडणार."

"कशावरून?"

"दोन वर्षं पडतेय. डभोईच्या वाटेवर एक चहाची टपरी आहे. तिच्या आसपास आलं की गाडी गप्प होते. अर्धा तास बसायचं, की पुन्हा चालू. टपरीवाल्याला वाटतं मला त्याचा चहा आवडतो. पाणचट असतो."

"तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दोन वर्षं आधीच पादरा झालं असतं."

तिचा स्वतःचा अभ्यास झालेला होता. घरून निघाल्यापासून चाळीस मिनिटांनी बंद पडते, थंडीत पंचेचाळीस, उन्हाळ्यात पस्तीस. तेव्हा जागेचा दोष नाही, तापण्याचा आहे. "एखादी मुलगी पेपर सोडवता सोडवता थांबते आणि अर्ध्या तासाने तिथूनच पुढे लिहायला लागते," ती म्हणाली, "तेव्हा तिला विषय येत नाही असं नसतं. काहीतरी दुसरंच असतं."

हे तिने एका मोठ्या वर्कशॉपातही सांगितलं होतं. तिथे काचेच्या खोलीत बसवून तिला कॉफी दिली, टाय लावलेल्या एका तरुण गृहस्थाने गाडीला संगणक जोडला, आणि चार पानी रंगीत अहवाल हातात ठेवला. त्यात गाडी निर्दोष असल्याचं लिहिलं होतं. कॉफी संपेपर्यंत गाडी थंड झाली होती, हे अहवालात नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही फतेगंजला गेलो. लष्कराच्या वस्तीच्या बाजूला एका गाळ्यात एक मिस्त्री एकटाच काम करतो. साठीचा, जाड चष्म्याचा. संगणक नाही, कॉफीही नाही. त्याने आत्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला, "चालो बेन, पहेलां एने गरम करीए."

म्हणजे आधी गाडी तापवायची. तो आमच्याबरोबर बसला. उन्हात आम्ही फतेगंजच्या आसपास फेऱ्या मारत राहिलो. प्रत्येक फेरीत त्याला कोणी ना कोणी हात करायचं आणि तो राजासारखा मान हलवायचा. चाळिसाव्या मिनिटाला त्याच्याच गाळ्यासमोर इंजिनाने एक उसासा टाकला आणि गाडी गप्प झाली.

"सरस," मिस्त्री म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "डॉक्टरकडे आल्यावर दुखणं लपून बसलं की काय करणार, बेन? आमची ही लपली नाही."

ती 'आमची' झाली होती, हे आत्याला आवडलं.

त्याने मला मागच्या सीटवर आडवं होऊन कान सीटला लावायला सांगितला. पेट्रोल पुढे ढकलणारा छोटा पंप त्या सीटखाली टाकीत असतो. किल्ली अर्धी फिरवली की दोन सेकंद त्याचा गुंजारव ऐकू यायला हवा. आत्याने किल्ली फिरवली. मी ऐकत राहिलो. छप्पन्न वर्षांचा माणूस भर रस्त्यात सीटला कान लावून आहे, हे जाणारे-येणारे वाकून बघत होते.

"काही नाही," मी म्हणालो.

"पंप मेलाय?" आत्याने विचारलं.

"पंप मरतो तो मेलेलाच राहतो. अर्ध्या तासाने उठत नाही." मिस्त्री बॉनेटकडे गेला. "त्याला कोणी उठवत नसेल."

उठवणारा जो असतो त्याला रिले म्हणतात. आगपेटीपेक्षा लहान, काळा, चौकोनी. मिस्त्रीने जे सांगितलं ते मला सरकारी कचेरीच्या भाषेत लगेच समजलं. किल्ली म्हणजे साहेब. साहेब फक्त घंटी वाजवतो. घंटी ऐकून शिपाई उठतो आणि फाईल पंपाकडे नेतो. शिपाई उठला नाही, तर साहेब ठणठणीत, फाईल ठणठणीत, आणि काम बंद. रंगीत अहवाल साहेबाचाच निघतो. शिपायाकडे कोण बघतं.

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्या काळ्या चौकोनावर दोन टिचक्या मारल्या. मी पुन्हा कान लावला होता. सीटखालून बारीक गुंजारव आला.

"आला," मी म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या पानवाल्यानेही बघितलं.

मिस्त्रीने रिले उपटून काढला आणि उन्हात धरला. त्याचे चारही पाय तांबडे होते, बुडाशी हिरवट. "काट," तो म्हणाला. गंज. मग त्याने नखाने तो खरवडला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. चष्मा वर सरकवून पुन्हा बघितला.

"बेन, आ काट नथी. आ तो कंकु छे."

गंज नव्हे, कुंकू. आत्या गाडीतून उतरली. तिने ते बोट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, फळ्याजवळ उभ्या असलेल्या आणि उत्तर येत नसलेल्या मुलीकडे बघायची तसं.

यामागे एक कौटुंबिक प्रथा आहे. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. घराण्याची तलवार एकच, आणि ती थोरल्या पातीकडे, काचेच्या पेटीत. आमच्या धाकट्या पातीकडे कोयता, विळी आणि एक छत्री, एवढंच शस्त्रागार. आत्याने गाडी घेतली त्या वर्षी दादाला कल्पना सुचली की आता आपलं शस्त्र हेच. तेव्हापासून दर वर्षी आत्याच्या अंगणात तो सोवळं नेसून उभा राहतो आणि गाडीची पूजा सांगतो. बाहेरून नव्हे. इंजिन म्हणजे पात्याची धार, तेव्हा पूजा बॉनेट उघडून. फ्यूज आणि रिले ज्या डब्यात असतात त्याचं झाकणही काढायचं. "झाकणाला गंध लावून काय उपयोग?" असं त्याचं म्हणणं. आत हात घालून प्रत्यक्ष गंध लावायचं काम माझ्याकडे, कारण माझे हात बारीक आणि माझा कशावर विश्वास नाही. अशा माणसाला तेवढंच काम देता येतं.

"दर वर्षी बॉनेटमध्ये डोकं कुणाचं असायचं?" आत्याने विचारलं.

"माझं."

"आणि पूजेचं उरलेलं पाणी?"

"तुळशीला घाल म्हणायचीस तू."

"घातलंस?"

मी मिस्त्रीकडे बघितलं. त्याने सहानुभूतीने खाली बघितलं.

"तुळस लांब होती," मी म्हणालो.

"सात पावलं."

"आणि डबा अगदी समोर होता. उघडाच."

"चोवीस वर्षं?"

"एक वर्ष मी आजारी होतो."

हळद, कुंकू, चंदन आणि पाणी दर वर्षी वाटीभर त्या डब्यात मुरत गेलं, पायांवर थर चढला, वीज अडायला लागली, अडली की तापायची, तापली की शिपाई बसकण मारायचा. दादाच्या थाटाला मी जन्मभर हसत आलो, आणि गाडी बंद पाडली होती माझ्या आळसाने. दादा निदान मनापासून पूजा करत होता.  आत्याच्या खांद्यांकडे बघून माझ्या लक्षात आलं की ती हसते आहे. हसता हसता ती मडगार्डला टेकली, आणि मिस्त्रीने तिला स्टूल आणून दिलं.

मिस्त्रीने रिलेचं कवच फोडून आतलं काळं पडलेलं टोक आम्हाला दाखवलं. मग तो ज्या खोबणीत बसतो ती बारीक ब्रशने आणि घासकागदाने साफ करत बसला. नवा रिले नुसता जुन्या घाणीत बसवला तर तोही सहा महिन्यांत बसेल, म्हणाला. अर्धा तास तो एखाद्या लहान मुलाचे दात घासावेत तसा घासत होता.

अडचण पुढे आली. सुट्या भागांच्या दुकानाचा मालक लग्नासाठी गावाला गेला होता, आणि दुकान सोमवारी उघडणार होतं. आमची परीक्षा रविवारी.

"हॉर्नचा रिले अगदी असाच असतो," मिस्त्री म्हणाला. "तो काढून इथे लावतो. गाडी चालेल. हॉर्न सोमवारी."

"बडोद्यात हॉर्नशिवाय?" मी म्हणालो.

"बेन किती वेळा वाजवतात?"

आत्याने विचार केला. "चोवीस वर्षांत दोनदा. त्यातलं एकदा कोपर लागून."

रिले या खोबणीतून त्या खोबणीत गेला. किल्ली फिरली, सीटखाली गुंजारव, इंजिन चालू. निघताना मिस्त्रीने एकच सूचना केली. गाडी चालत राहिली म्हणजे दुरुस्त झाली असं समजू नका. तापलेली गाडी बंद करून, थोडं थांबून, पुन्हा चालू करा. त्यात पास झाली तर खरी पास.

रविवारी सकाळी दादा इस्त्रीचा झब्बा घालून हजर झाला आणि पुढच्या सीटवर बसला. मी मागे, पंपावर. शहराबाहेर पडायच्या आधीच एक रिक्षा आडवी आली, आत्याने शांतपणे ब्रेक दाबला, आणि दादाने विचारलं, "हॉर्न का नाही वाजवलास?"

"नाही आहे."

"नाही म्हणजे?"

"त्याचा रिले पंपाला दिलाय. एका वेळी एकच होतं."

"हे बेकायदेशीर आहे."

"तू उतरू शकतोस. मग साक्षीदार राहणार नाही, आणि मी येऊन सांगेन तेच खरं."

दादा उतरला नाही. दर दोन मिनिटांनी तो घड्याळ बघत होता. मी त्याच्यासारखं उघड बघत नव्हतो, एवढाच फरक. पस्तीस मिनिटं झाली. अडतीस. दूरवर टपरी दिसायला लागली. आत्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं, आणि तिच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. टपरीवाल्याने लांबूनच गाडी ओळखली. तो ग्लास भरून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. आत्याने त्याला हात केला आणि गाडी त्याच्यासमोरून सरळ निघून गेली. मागच्या काचेतून मला तो हातातल्या ग्लासासकट लहान लहान होताना दिसला. त्याचा चेहरा, नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात शिरताना दिसावं, तसा झाला होता.

"इथे कोण होतं?" दादाने विचारलं.

"ओळखीचा," आत्या म्हणाली आणि तिने पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

डभोईत शिरेपर्यंत सगळं ठीक होतं. वेशीच्या आत बाजार भरलेला, आणि त्याच रस्त्याने एक वरात यायला निघालेली. पुढे चाऱ्याने भरलेली ट्रॉली, डावीकडे भाजीच्या हातगाड्या, उजवीकडे म्हशी, आणि म्हशींना पाठ टेकून गप्पा मारणारी माणसं. बाकी सगळ्यांचे हॉर्न चालू होते. आमची गाडी त्यांच्यामध्ये मौनव्रतात उभी.

"आता?" दादा म्हणाला.

"आता तू," आत्या म्हणाली. "काच खाली कर आणि सांग त्यांना."

"काय सांगू?"

"सरका म्हणून. भाषणं करतोस ना?"

दादाने काच खाली केली. "अहो," तो म्हणाला. म्हैस हलली नाही. "खसो भाई, जरा खसो," असं त्याने गुजरातीत विनवलं. एका माणसाने मागे बघितलं आणि पुन्हा गप्पांना लागला. मग काय झालं कोण जाणे. दादाने छातीत हवा भरली, खिडकीतून अर्धा बाहेर आला, एक हात वर केला, आणि मंडळाच्या सभागृहात ध्वनिक्षेपक बंद पडल्यावर लागतो तो आवाज लावला. "खसो ऽ ऽ. बेननी गाडी आवे छे. खसो ऽ ऽ."

बाजार थांबला. म्हशीसुद्धा वळल्या. हातगाडीवाल्यांनी गाड्या ओढून घेतल्या, ट्रॉलीवाल्याने ट्रॉली कडेला घेतली. वरातीतल्या बँडवाल्यांना वाटलं नवऱ्या मुलाकडचे कोणी मोठे पाहुणे आले. त्यांनी एक वाजणारं गाणं अर्ध्यावर सोडून दुसरं जोरात सुरू केलं. आत्या पहिल्या गिअरमध्ये, नजर समोर, हळूहळू त्या वाटेतून जात होती. दादा ओरडत होता, आणि दोन्ही बाजूंना मान झुकवत होता. कोणीतरी त्याच्या हातात पेढा दिला. जुन्या दरबारात मिरवणुकीपुढे ललकारी देणारे चोपदार असायचे. आमच्या घराण्यात ती कामगिरी कोणाकडे नव्हती, हे दरबाराचंच नुकसान झालं, असं मला त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटलं. आणि फेट्याशिवायचा दादा मी इतका शोभिवंत कधी पाहिला नव्हता.

मैत्रिणीने दारातच विचारलं, "आज अर्धा तास लवकर कशी?" मग दादाकडे बघून, "आणि हे कोण, एवढे घामाघूम?"

डाव मांडला गेला. दादा दोघींकडून हरला आणि त्याला कळलंही नाही कसं. जेवणं झाल्यावर मी धीर केला आणि त्याला रिलेची खरी हकिकत सांगितली. कुंकू, वाटी, तुळस, सात पावलं. आत्याने पानांच्या आडून आमच्याकडे लक्ष ठेवलं होतं.  आता दादा झाकण काढायला लावल्याबद्दल खजील होईल, किंवा माझ्यावर भडकेल, अशी माझी अपेक्षा.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "इतकी वर्षं पूजा थेट पोहोचत होती."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी त्याच्यापुढे बडीशेपेची वाटी सरकवली.

परत निघालो तेव्हा ऊन कडक होतं. टपरी पुन्हा दिसली, आणि आत्याने गाडीचा वेग कमी केला.

"काय झालं?" दादा दचकला.

"काही नाही. चहा पिऊ या."

तिने गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.  घर चाळीस मिनिटांवर होतं. तशीच चालवत नेली असती तर अट पुरी झाली असती, पादऱ्याचा माणूस हात हलवत परत गेला असता. मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, "आत्या, कशाला? जिंकलीस तू."

"मिस्त्री काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

"ते सोमवारी बघू."

"पुढच्या रविवारी मी एकटी असेन," ती म्हणाली. "तेव्हा ही इथे उठली नाही, तर दादाला हरवून मला काय मिळालं?" मग दादाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "ही आता मी बंद केली आहे. तापलेली असताना पुन्हा चालू होते की नाही, ते बघायचंय. नाही झाली तर बंद पडली असंच समज. किल्ली तुझी."

दादाने मान हलवली. त्याच्या हातातला चहा त्याने प्यायलाच नाही. टपरीवाला आत्याला सकाळचा जाब विचारत होता. चहात काही कमी होतं का, साखर वाढवू का. आत्या त्याला म्हणाली, चहा उत्तम असतो. गणिताच्या बाईंना इतकं सराईत खोटं बोलताना मी प्रथमच ऐकलं. पंधरा मिनिटं गेली. इंजिनाच्या तापाने बॉनेटवरची हवा थरथरत होती.

आम्ही बसलो. मी सांगायची वाट न बघता सीटवर आडवा झालो आणि कान लावला. आत्याने किल्ली अर्धी फिरवली.

गुंजारव आला. दोन सेकंद, स्वच्छ, भरलेला, एखादी समाधानी मधमाशी असावी तसा. "आहे," मी सीटमधूनच म्हणालो. तिने किल्ली पुरती फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. पुढच्या सीटवरून टाळी ऐकू आली. ती दादाची होती. लगेच त्याने हात मांडीखाली घातले, पण आत्याने बघितलं होतं.

बडोद्याला पोचण्याआधीच दादाने पादऱ्याच्या माणसाला फोन लावला. "ती गाडी द्यायची नाही," तो म्हणाला. "नाही, किमतीचा प्रश्न नाही. घरातलं शस्त्र आहे ते." पलीकडचा माणूस काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण त्याने फोन फार लवकर ठेवला.

सोमवारी दुकान उघडलं. नवा रिले मिस्त्रीने मलाच बसवायला लावला. चार पाय, चार खाचा, अंगठ्याने सरळ दाब. टक असा आवाज झाला आणि काम संपलं. हॉर्नचा रिले आपल्या जागी परत गेला. दर वर्षी काढघाल करून मोडलेलं डब्याचं झाकण आत्याने घरून आणलेल्या श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाने बदललं, आणि मिस्त्रीने ते तारेने असं आवळलं की ते उघडायला पुढच्या खंडेनवमीला पक्कड लागेल. "हे मुद्दाम," तो मला म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळी मी आत्याकडे गेलो, सहज म्हणून. ती निघायच्या तयारीत होती. मी बरोबर येऊ का विचारलं. "तू फाटकात उभा आहेस," ती म्हणाली. मी बाजूला झालो, आणि गाडी कोपऱ्यावर वळून गेली.

मी तिच्या स्वयंपाकघरात चहा केला. तासभर पेपर वाचल्यासारखं केलं. मग राहवेना, म्हणून फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. मागे मैत्रिणीचा आवाज येत होता: तो गुलाम कुठून आला, मघाशी तो तुझ्याकडे नव्हता.

"काय काम होतं?" आत्या म्हणाली.

"काही नाही. पोचलीस का, एवढंच."

"पोचले म्हणून तर पानं हातात आहेत. ठेव आता."